हॉलवर्थांचा किताब

हॉलवर्थ घराण्याच्या जुन्या बायबलमधलं एक पान कुणीतरी ब्लेडने कापून नेलं होतं.

अमेरिकेत, ॲन आर्बरच्या एका खासगी ग्रंथसंग्रहात नीलांबरी जुनी पुस्तकं दुरुस्त करायची. २००६ सालच्या फेब्रुवारीतल्या त्या बुधवारी सकाळी तिने पुस्तकं दाबून ठेवायची प्रेस उघडली, तेव्हा ते तिच्या लक्षात आलं.

गेलं होतं तेही नेमकं पान. १८५९ साली, नगरला, सर जॉर्ज हॉलवर्थच्या मधल्या मुलाने बायजा नावाच्या मुलीशी लग्न केल्याची नोंद त्यावर होती. थोरल्या मुलाचा वंश आता संपला होता. त्यामुळे घराण्याचा 'बॅरोनेट' हा, नावाआधी 'सर' लावायचा मान देणारा वंशपरंपरागत किताब बायजाच्या वंशजाकडे, इथल्या निवृत्त इंजिनीअर गिरीश हॉलवर्थकडे यायचा होता. लग्नाचा अस्सल पुरावा मात्र हवा होता. तो नसेल, तर किताब कॅनडातल्या धाकट्या शाखेला.

तिच्याखेरीज वर्करूमचे पास तिघांकडे होते. दुपारी तिघंही तिच्यासमोर बसले.

"केदार, तुम्ही शेवटचे कधी आलात?"

केदार कॅनडाच्या शाखेचा वकील. "सोमवारी. पानं चिकटलेली होती, काही वाचताच येईना. पान गेल्याने माझ्या क्लायंटचा फायदा आहे, मान्य. म्हणून मी चोर?"

"गिरीशराव?"

"काल संध्याकाळी डोकावलो. पुस्तक प्रेसमध्ये होतं. हात नाही लावला."

"उत्तराताई?"

गिरीशची थोरली बहीण शाल सावरत म्हणाली, "मी सोमवारनंतर फिरकलेच नाही."

गिरीशने कपाळ चोळलं. "बायजा बिचारी अडाणी. अंगठाच उठवला असेल तिने. तोही गेला."

"अंगठा?" उत्तरा फटकन म्हणाली. "मोडीत सही केली होती तिने! घोटीव अक्षरात!"

नीलांबरीने हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"उत्तराताई, दीडशे वर्षं ती पानं चिकटलेली होती. काल दुपारी चारला मी ती सोडवली, वाळायला प्रेसमध्ये ठेवली आणि घरी गेले. सही मोडीत आहे हे मी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. गिरीशराव तर अंगठाच समजून बसलेत. सही पाहिली ती फक्त मी, आणि माझ्यानंतर पान कापणाऱ्याने."



"ताई?" गिरीश तिच्याकडे वळला. "का?"

"बाबांना नऊ वर्षं मी सांभाळलं. बोस्टनची नोकरी सोडून. तू दिवाळीला फोन करायचास. मरताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, सर गिरीश होईल हो आपला. मी थोरली, पण मुलीला किताब नाही. ठीक आहे. मग तुलाही नाही."

"पान कुठे आहे?" नीलांबरीने विचारलं.

"सिंकखालच्या कचरा दळायच्या डिस्पोझलमध्ये घातलं. दोन सेकंद लागले." तिने पर्समधून बोटभर कागदाची पट्टी काढली. "एवढी सही ठेवलीय. तिचं नाव पुसवेना मला."

गिरीशने घाईघाईने हात पुढे केला. उत्तराने ती पट्टी नीलांबरीच्या हातात दिली.

"तारीख नाही, नवऱ्याचं नाव नाही," केदार पट्टीकडे बघत हळूच म्हणाला. "पुरावा म्हणून निरुपयोगी आहे."

"ठाऊक आहे मला," उत्तरा म्हणाली.

नीलांबरीने पोलिसांना फोन लावला. बाहेर बर्फात गाडी थांबली, तशी उत्तरा उठली. तिने कोटाची बटणं सावकाश लावली आणि दारात वळून भावाकडे पाहिलं.

"येते हं, मिस्टर हॉलवर्थ."