कोणाकडची आजी

गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात आमची रिक्षा ओग्बेटे बाजाराच्या वळणावर उलटली आणि माझ्या उजव्या कोपरात काच घुसली. सर्जनने तुटलेली नस शिवली, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं मेल्यागत पडून राहिली. मी इथे एनुगू शहरात मेडिकलच्या पोरांना शरीरक्रियाशास्त्र शिकवते. शिवलेली नस पुन्हा वाढते, पण दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर, आणि कधीकधी वाटेतच थांबते, हे मला पाठ होतं. थांबली असती तर पोटातल्या बाळाचा स्पर्श त्या बोटांना कधीच कळला नसता. मला धास्ती होती ती त्याचीच.

मुलगी झाली, मुनाची. आमच्याकडे बाळंतिणीचं करायला माहेरून आई येते, त्याला ओमुग्वो म्हणतात. माझी आई वारली आहे. आवकाची मावशी म्हणाली, कुणाला तरी पाठवते. न्सुक्काच्या सासूबाईही तेच म्हणाल्या, कारण त्यांचे गुडघे गेलेत. आठवड्याभरात डोक्यावर कंदांची टोपली घेऊन एक म्हातारी दारात उभी राहिली. मला वाटलं, सासूबाईंनीच पाठवली. आम्ही तिला आजी म्हणू लागलो. नाव विचारायचं कुणाला सुचलंही नाही.

आजी तोंडाची फटकळ होती. माझ्यासाठी केलेल्या मिरीच्या झणझणीत सुपात केनेचीने, माझ्या नवऱ्याने, चमचा घातला तर म्हणाली, "बाळंत तू झालायस का रे? ठेव ते खाली." उकळत्या पाण्यात टॉवेल बुडवून ती माझं पोट शेकायची, आणि मग न विचारता हातही. शेक मला मनगटापर्यंत कळायचा, त्या तीन बोटांत काही नाही. मग टॉवेल काढून ती कोपराखाली एका जागी अंगठा दाबायची.

"आज इथवर आलीय."

नेमक्या तिथेच मुंग्या यायच्या. वाढत्या नसेचं टोक शोधायला आम्हाला त्वचेवर टिचक्या मारत जावं लागतं. तिला शोधावं लागत नव्हतं.

मी रडू लागले की ती शेक थांबवायची. "रडू नकोस, पोरी. तू रडलीस की ती मागे फिरते."

यालाही माझ्यापाशी उत्तर होतं. ताणाने रक्तात जी द्रव्यं वाढतात ती दुरुस्ती अडवू शकतात. बाळाला पाजताना वाढणारं प्रोलॅक्टिन नसेवरचं आवरण पुन्हा बांधायला मदत करतं, निदान उंदरांत तरी. हे मी वर्गात शिकवते. पण नस मनगटाशी पोचली तेव्हा सर्जनने दोनदा तपासलं आणि अपघाताची तारीख पुन्हा विचारली. इतक्या लवकर कुणाचीच नस तिथे पोचत नाही, कितीही पाजलं तरी.

मग एका सकाळी पाजताना मुनाचीचं जावळ माझ्या बोटांना लागलं. डोक्याची ऊबही लागली. मी हमसून हमसून रडले आणि या वेळी आजीने रडू दिलं. आयुष्यात कुणाचे इतके उपकार मला कधी वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती निघाली. आम्ही तिला नवी कापडं, साबण, सुकी मासळी दिली. केनेची तिला बसस्टँडवर सोडायला गेला आणि मी आभार मानायला सासूबाईंना फोन लावला.

"मी कुठे पाठवली? तुझ्या मावशीची बाई पोचल्याचं कळलं, म्हणून माझी थांबवली."

मावशीनेही अगदी हेच सांगितलं, सासूबाईंचं नाव घेऊन.

केनेची परतला तेव्हा मी विचारलं, कुठल्या बसमध्ये बसली? त्याला आठवेना. पुढे एक पोरगी वाट बघतेय, एवढंच ती म्हणाली होती.

परवा वर्गात फळ्यावर लिहीत होते. अचानक तळहाताला गरम, ओला टॉवेल लागला.

मी पाहिलं. हातात फक्त खडू होता.

टॉवेल बाजूला झाला आणि बोटांखाली एक दंड आला. बारीक, कुणा तरुण मुलीचा. माझा हात फळ्याशी होता तसाच होता, तरी बोटं त्या दंडावरून खाली सरकताना मला कळत होती.

मुलांना वाटलं, मी पुढचं विसरले.

आजी तिच्या पुढच्या पोरीपाशी पोचली होती. मी मनातल्या मनात तिचे आभार मानले आणि हात जराही हलवला नाही. तिच्या कामात व्यत्यय नको.

थोड्या वेळाने माझ्या तळहातात, खडूच्या शेजारी, त्या मुलीचं एक बोट हललं.