सोनिया मॅडमचा नापास विद्यार्थी

त्या दुष्काळाच्या वर्षी गारखेड्यातल्या आमच्या बोअरची मोटार भर मार्चात जळाली, आणि ती काढायला आला तो ऋतुराज. हात ग्रीसनं माखलेले, आणि मला म्हणतो कसा, "मोटार लई तापली व्हती, मॅडम... तुमच्यावाणीच!"

पाणी गेलं म्हणून मी ओरडत होते ना! हसू आलं, पण दाखवते कशाला?

मोटार दुरुस्त होऊन बसवली तरी त्याचं येणं थांबेना. आज वायर बघायला, उद्या स्टार्टर बघायला... शहरात जिकडंतिकडं नव्या इमारती, प्रत्येकीचा बोअर कोरडा, याला कामातून फुरसत नाही. पण आमच्या चहाला होती. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, कळलंही नाही.

आणि मध्येच ही सोनिया मॅडम उपटली! लासूर स्टेशनचे त्याचे काका, बद्रीनाथ, हट्टाला पेटले होते — इंजिनियर झालेला पुतण्या मोटार दुरुस्तीचं दुकान सोडून पुण्याच्या कंपनीतच बसला पाहिजे. म्हणून मुलाखतीच्या तयारीला पुंडलिकनगरच्या या कोच बाईकडं घातला. झालं! "सोनिया मॅडम म्हणतात, खांदे सरळ ठेव." "सोनिया मॅडम म्हणतात, आधी हस, मग बोल." मग हस की जाऊन तिच्यासमोर! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. पुण्याची भीती होतीच, पण त्याआधी ही बाईच त्याला घेऊन जाते की काय असं वाटायला लागलं.

शेवटी तिला बघायलाच गेले. क्लायंट बनून! दिसायला देखणी होती मेली.

"अडचण काय तुमची?"

"मला... लोकांसमोर बोलायची भीती वाटते," मी म्हणाले, आणि त्या भीतीबद्दल न थांबता बोलत सुटले.

ती गालात हसली. "कुठं आहे हो ती भीती?"

तेवढ्यात दारात ऋतुराज. "मृण्मयी? तू इथं?"

"का? मी यायचं नाही?"

सोनिया मॅडमनी आमच्या दोघांकडं पाहिलं. "ऋतुराज, इथं फर्डा बोलतोस. तिथं मुलाखतीत तोंडाला कुलूप. माझं कुठं चुकतंय?"

"तुमचं नाय चुकत, मॅडम. तिथं विचारतात, पुण्याला राहायला येणार का... अन् मला व्हय म्हणवत नाय. मला माझं मोटारीचं दुकानच चालवायचंय."

"पहिल्याच दिवशी मी ध्येय विचारलं होतं. पुणं म्हणालास!"

"काकानं तसं सांगून धाडलं व्हतं ना."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "एक जण काकांचं ध्येय घेऊन येतो, दुसरी नसलेली भीती घेऊन येते. मी शिकवू तरी काय!"

मला राहवेना. "मग इतके दिवस येत कशाला होतास? हिच्यासाठीच ना?"

"तुझ्यासाठी." तो खाली बघत म्हणाला. "मॅडमचं नाव घेतलं की तू अशी फुगायचीस... वाटायचं, हिचा जीव हाय आपल्यावर. नायतर तू कधी बोलतीस का?"

म्हणजे मला जळवत होता! तळपायाची आग मस्तकात गेली — आणि डोळ्यांत पाणीही आलं.

"आहेच जीव! नको जाऊस पुण्याला. सांग काकांना. आत्ता!"

त्यानं फोन लावला. "काका, मी पुण्याला जाणार नाय. दुकानच करणार... अन् काका... एक पोरगी..." अडखळला. सोनिया मॅडम मदतीला पुढं सरसावल्या. मी त्यांना हातानंच थांबवलं आणि फोन घेतला.

"काका, ती पोरगी मी. मृण्मयी. नमस्कार करते. याला मी कुठंही जाऊ देणार नाही."

पलीकडून खोकल्याचा आवाज.

"पोरी, मुलाखतीला त्याच्याऐवजी तुलाच धाडायला पाहिजे व्हतं."