कुंपणाबाहेरच्या टाळ्या

शेकोटीजवळ सरका, पोरांनो. ही काही इकडून तिकडून ऐकलेली गोष्ट नाही. याग्वारोन गावच्या रस्त्यावर राहणाऱ्या देओलिंदा मावशीने स्वतः मला सांगितली आहे.

गेल्या वर्षीची ऑगस्टच्या पहिल्या तारखेची रात्र. सकाळीच रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी सतापाचा पाला घातलेली दारू घोटभर घेऊन वर्षाची पीडा टाळली होती. संध्याकाळी मावशीच्या नातीला ताप भरला. मुलगी असुन्सिओन शहरात कामाला, म्हणून जावई रुफिनो मोटारसायकल काढून औषध आणायला गेला. घरात मावशी आणि सहा महिन्यांची पोर, बस.

आपल्याकडे दार कोणी ठोठावत नाही, कुंपणाशी उभं राहून टाळ्या वाजवतात. आणि मावशीची ऐट तर तुम्हाला ठाऊकच आहे. "नुसती टाळी ऐकली की माणूस कळतो मला. तोंड कशाला बघायला हवं?"

नऊच्या सुमारास टाळ्या ऐकू आल्या. धपाधप, उर्मट. मावशीने खिडकीतून पाहिलं तर तांबड्या चिखलाने माखलेला अनवाणी माणूस. ना नमस्कार, ना टोपी काढणं.

"आज दार उघडू नकोस, म्हातारे."

"म्हातारी असेल तुझी आई! चल नीघ, दारुड्या!"

तो अंधारात गेला. थोड्या वेळाने पुन्हा टाळ्या. हळू, थांबून थांबून, अदबीच्या. कुंपणाशी पांढराशुभ्र सदरा घातलेला तरुण.

"मावशी, पोरीच्या तापावर मंत्र जाणतो मी. तिला जरा बाहेर आणता?"

मावशीचा जीव भांड्यात पडला. किती गुणी माणूस! ताप आहे हे त्याला कोणी सांगितलं, हे तिच्या मनातही आलं नाही. पोरीला उचलून ती दाराकडे धावली.

कडी काढली. दार आत ओढलं... हलेना.

"थांबा हं, अडकलंय."

पुन्हा ओढलं. बाहेर टाळ्या चालूच.

तिने खिडकीतून पाहिलं. त्याने टोपी छातीशी धरली होती. दोन्ही हातांनी.

आणि टाळ्या... चालूच होत्या.

मावशी दारापासून मागे सरली. पोरीला पोटाशी घट्ट धरलं. टाळ्या अंगणात आल्या. मग पायरीवर. मग दाराशी...

मग काहीच नाही.

रुफिनो आला तेव्हा त्याने नुसता हात लावला आणि दार उघडलं. औषध पोटात गेलं, पहाटे पोरीचा ताप उतरला.

उजाडल्यावर मावशी दार उघडायला गेली. दाराच्या आतल्या बाजूला तांबड्या चिखलाचे दोन पंजे उमटले होते. सगळा जोर लावून दाबून धरावं तसे. अजून ओले.