देव्हाऱ्यातलं बटण

लांब एरियलचं कसलंसं यंत्र कानाशी धरून एक तरणाताठा माणूस आमच्या दारासमोर गोल गोल फिरत होता. मी हातातल्या कात्रीसकट दारात आले.

“कशापायी घिरट्या घालायलात?”

“खरखर शोधतोय.” कात्री पाहून तो पाऊलभर मागे सरला. “मी अमरनाथ… चार घरं सोडून भाड्यानं राह्यला आलोय. माईक, टीव्ही दुरुस्त करतो. रोज सकाळी रिमोटनं गाडी उघडंना झालीय. काहीतरी मधी लुडबुड करायलंय.”

मला हसू आलं, पण टिकलं नाही. आमची घंटीही सकाळीच मुकी व्हायची.

आईची डावी बाजू लुळी पडल्यापासून तिच्या उशाशी वायरलेस बटण आणि अंगणापलीकडे माझ्या शिवणवर्गात घंटी, यावर आमचं घर चालायचं. एका सकाळी बटण दाबूनही घंटी वाजली नाही. आई एकटीच उठायला गेली आणि पडली. तेव्हापासून माझा वर्ग बंद होता. लग्नाचा विषय तर मी कधीच मोडीत काढला होता.

मी त्याला आत घेतलं. यंत्राची खरखर वाढत वाढत देव्हाऱ्यापाशी आली.

“आमच्या देव्हाऱ्यात? कायबी सांगू नका,” मी चिडले.

माझ्या वडलांची, आप्पांची, महादेवाची पूजा चालली होती. त्यांनी तांब्याचा गडवा उचलला मात्र, खरखर गप्प. गडव्याखालच्या लाल फडक्यात जुन्या, मोडक्या घंटीचं बटण होतं. खंडेनवमीला माझ्या मशीनबरोबर आप्पांनी तेही पूजेला मांडलेलं, ते तसंच राहिलं होतं. रोज पूजेच्या वेळी गडवा त्यावर टेकायचा आणि ते दाबलेलं राहून नव्या घंटीच्या नि गाडीच्या रिमोटच्या आड यायचं.

“आपल्यासाठी राबलंय ते,” आप्पा पुटपुटले.

“मग आता विसावा द्या त्याला,” अमरनाथ म्हणाला. आई कितीतरी दिवसांनी हसली.

पुढे तो रोज घंटी तपासायला यायचा. मी बटण दाबायची, तो वर्गातून म्हणायचा, “अजून एकदा…” वाजत असलेली घंटी किती तपासायची, हे मीही विचारत नव्हते. मग अचानक तो येईनासा झाला. माझं शिवणात लक्ष लागेना. सरळ शिवण वाकडी जायची आणि मी मशीनवर राग काढायची.

“पोरी, घंटी वाजंना. त्याला बोलीव,” एक दिवस आई म्हणाली.

अमरनाथ धावतच आला. बटण उघडून त्यानं माझ्याकडे पाहिलं. “सेल उलटा हाय. आपोआप उलटा होत न्हाई.”

आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. “उजवा हात धड हाय माझा,” ती म्हणाली. “माझ्यापायी पोरीनं बसून राहावं का?”

अमरनाथनं सेल सरळ बसवला.

“ही घंटी… माझ्या घरापर्यंत वाजती,” अमरनाथ खाली बघत म्हणाला. “शेवटी आलो त्या दिवशी तुम्ही बटण दाबत व्हता, तवा घरी नेऊन बघितलं. पर तुम्हाला विचारायचं धाडस झालं न्हाई.”

“खिडकी लावल्यावरबी वाजती?” मी विचारलं.

“ते न्हाई बघितलं.”

“मग बघा की.”

तो घंटी घेऊन गेला. आईनं बटण माझ्या हातात ठेवलं. मी डोळे मिटून दाबलं.

चार घरांपलीकडे घंटी वाजली.