साडेबारा ते दीड

आमच्या टाउनशिपमध्ये साडेबाराचा भोंगा झाला की सगळा कारखाना जेवायला घरी जातो. फाटकातून स्कूटरी निघतात, क्वार्टरांतून कुकरच्या शिट्ट्या येतात, आणि दीडच्या भोंग्याला सगळे परत. मधल्या तासात आमच्या कॉम्प्युटर विभागाला कुलूप असतं.

एक प्रभाकर, माझा नवरा, तेवढा जेवायला यायचा नाही. टर्बाइनच्या पात्यांचा प्रोग्राम लिहीत बसायचा. "एवढं संपलं की येतो, रजनी," असं फोनवर सांगायचा आणि मी चिडून पोळ्या झाकून ठेवायचे. दोन वर्षांपूर्वी तो त्याच खुर्चीत, जेवणाच्या सुट्टीतच गेला. अनुकंपा नियुक्तीवर मला त्याच्या विभागात घेतलं. नोकरी टिकली तर क्वार्टर टिकणार होतं, आणि त्या क्वार्टरशिवाय मला दुसरं घर नव्हतं.

मार्चमध्ये प्रोग्रामिंगच्या साधनांची नवी बीटा आवृत्ती चढवली आणि कुठला कॉम्प्युटर किती राबतो ते दाखवणारा आलेखच बिघडला. निम्मे आकडे गायब, उरलेले भलतेच. आमचे प्रमुख बाळकृष्ण काणे ग्वाल्हेरचे, तोंडाने फटकळ पण मनाने बरे. ते म्हणाले, "रजनीबाई, बीटा म्हणजे आधं-अधुरं काम. पण शुक्रवारपर्यंत ठीक करून टाका. नाहीतर तुमचं कन्फर्मेशन अटकेल."

मी आकड्यांची नोंदणी पुसून नव्याने बांधली. दोन दिवस गेले, पण आलेख सुधारला. फक्त एक रेघ जाईना. प्रभाकरच्या जुन्या कॉम्प्युटरची. रोज साडेबाराला चढायची, दीडच्या आत खाली यायची.

मी पहारेकऱ्याला विचारलं. "मैडम, ताला मी स्वतः लावतो," दत्तू म्हणाला. "अंदर कोण असणार?"

मी बीटालाच दोष दिला. त्या कॉम्प्युटरची नेटवर्कची तार काढली, तरी त्याच्याच पडद्यावर रेघ चढली. मग नोंदी उघडल्या. दर चार मिनिटांनी प्रोग्राम चालवून बघितलेला होता, मध्ये एकदा लांबलचक खंड. प्रभाकर असाच काम करायचा, मध्येच उठून खिडकीशी उभा राहायचा. तो गेला तेव्हा दोनशे बारा ओळींवर थांबलेला पात्यांचा प्रोग्राम आता दोनशे चाळीसवर होता.

गुरुवारी मी घरी गेले नाही. दत्तूला सांगून आत बसले. कीबोर्डची एकही कळ हलली नाही. पडद्यावर मात्र रेघ चढत होती. मी खूप घाबरले. आणि खरं सांगायचं तर, उठून जावंसंही वाटलं नाही.

दोष माझाच होता. कॉम्प्युटरवरची जुनी खाती बंद करायचं काम माझ्याकडेच, आणि यादीत त्याचं नाव आलं की मी दर वेळी पुढे जायचे. एवढं एकच त्याचं काहीतरी चालू होतं.

शुक्रवारी सकाळी काणेसाहेब मागे येऊन उभे राहिले. "झालं?"

"होईल," मी म्हटलं.

"जेव आता घरी जाऊन," असं मी पडद्याकडे बघत प्रभाकरला उद्देशून पुटपुटले आणि त्याचं खातं बंद केलं. साडेबाराला भोंगा झाला. मी दहा मिनिटं थांबले. रेघ सपाट राहिली.

त्यासाठीच थांबलेल्या काणेसाहेबांनी कागदावर सही केली. क्वार्टर वाचलं. घरी जाताना वाटेत स्कूटर थांबवून मी रडले. मग डोळे पुसून निघाले. पोहोचायला एक वाजून गेला.

घराचं कुलूप होतं तसंच होतं.

सकाळी मी सवयीने सहा पोळ्या करते. चार उरतात, त्या संध्याकाळी गाईला घालते.

ओट्यावर त्याचं ताट धुऊन उपडं घातलेलं होतं. कडेवरून पाणी अजून ठिबकत होतं.

मी डबा उघडला. माझ्या दोन पोळ्या ठेवलेल्या होत्या, वर ताटली झाकून.