न धुतलेलं जाकीट

"थांबा! आणखी एक पाऊल पुढे टाकलंत तर आजी चिडेल."

नवी डॉक्टरीण जागच्या जागी थबकली. नोकरीचा पहिला दिवस, सकाळची वेळ, आणि जाळीपलीकडे एकतीस वर्षांची अस्वलीण मागच्या पायांवर उभी राहून तिच्यावर गुरगुरत होती.

राखणदाराने अंगातलं खाकी जाकीट काढून तिच्यापुढे धरलं. "हे घाला."

तिने नाक मुरडलं. "हे... कधी धुतलंय का?"

"मुळीच नाही. तीच तर त्याची खुबी आहे."

यामागचं कारण असं. आजीला – सगळे तिला आजीच म्हणत – दिसत नव्हतं. नाकातून दोरी ओवून तिला वर्षानुवर्षं रस्तोरस्ती नाचवलं होतं. सुटका होऊन ती अस्वलांच्या या केंद्रात आली, तेव्हाच डोळे गेलेले होते. नाक फाटलेलं, पण भलतंच तल्लख. माणसं ती वासावरून ओळखायची. औषधाचा वास आला की तिचं पित्त खवळायचं. चालायचा तो फक्त राखणदाराचा वास, कारण नऊ वर्षं तोच तिला भरवत होता.

डॉक्टरिणीने जाकीट चढवलं. बाह्या बोटांच्याही खाली लोंबल्या. आजीने जाळीला नाक लावून हुंगलं... आणि मुकाट्याने खाली बसली.

"बुजगावणं दिसतेय ना मी?"

"छे! म्हणजे... दिसताय. पण चांगलं बुजगावणं," राखणदार म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

दुसऱ्याच आठवड्यात घोटाळा झाला. डॉक्टरीण पडली टापटिपीची. तिने जाकीट घरी नेलं, साबणाने खळखळून धुतलं आणि इस्त्री करून, मोठ्या ऐटीत घालून आली. आजीने एकदा हुंगलं आणि औषध घातलेल्या मधाचं भांडं असं काही भिरकावलं की मध थेट डॉक्टरिणीच्या केसांत.

"आता?" तिने केसांतला मध पुसत विचारलं.

"आता तीन दिवस मी हेच घालून राबणार. गवत उपसायचं, भोपळे चिरायचे, घाम गाळायचा. मग वास मुरतो."

"लोणच्यासारखा?"

"लोणच्याचं बरं असतं हो. त्याला बरणीत नुसतं बसून राहता येतं."

ती इतकी हसली की आजीनेही कान टवकारले.

तेव्हापासून शिरस्ताच पडला. दुपारनंतर जाकीट राखणदाराच्या अंगावर, सकाळी डॉक्टरिणीच्या. मधल्या वेळात ते स्वयंपाकघराबाहेरच्या खुंटीवर. जनावरांचं खाणं शिजवणाऱ्या काकू दोघांकडे बघून म्हणायच्या, "एका जाकिटात दोघांचा संसार चाललाय. इथे शहाणी ती एकटी आजी."

एका सकाळी डॉक्टरिणीने खिशात हात घातला. "शेंगदाणे आहेत यात."

"आजीसाठी ठेवले होते," राखणदार घाईघाईने म्हणाला.

"सोललेले? आजी तर टरफलांसकट खाते."

तो भोपळा चिरायला लागला, तोही उलट्या सुरीने. मात्र शेंगदाणे रोज खिशात येत राहिले आणि रोज संपत राहिले.

असे आठ महिने गेले. मग आजीचं खाणं कमी झालं. डॉक्टरिणीने रक्त तपासलं आणि काही आडपडदा न ठेवता सांगितलं, "मूत्रपिंडं थकलीत. वय झालंय. यावर औषध नाही."

"किती दिवस?"

"दहा. फार तर पंधरा."

"दुखेल तिला?"

"दुखू देणार नाही."

तिने शब्द पाळला. बाराव्या दिवशी, सकाळच्या कोवळ्या उन्हात, आजीने लाकडी चमच्यावरचा मध चाटला. मग डॉक्टरिणीच्या मांडीवर, जाकिटाच्या लांब बाहीत नाक खुपसलं. राखणदाराने तिचा पंजा हातात धरला होता. श्वास सावकाश झाला, आणखी सावकाश... डॉक्टरिणीने छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"गेली."

राखणदाराने मान हलवली. पंजा अलगद खाली ठेवत म्हणाला, "चमचा धुवायला हवा."

पुढची कामं होतीच. मरणाचं कारण नोंदवण्यासाठी शवविच्छेदन करायचा नियम होता. डॉक्टरिणीने जाकीट काढून ठेवलं आणि ते केलं. राखणदाराने तळ्याकाठी खड्डा खणला. संध्याकाळी माती लोटून झाल्यावर ती त्याच्याशेजारी येऊन बसली.

"हृदय धडधाकट होतं तिचं," ती म्हणाली. "इतकं सोसून... अगदी धडधाकट."

तेव्हा कुठे तो रडला.

पण आता खरा पेच पुढे होता. डॉक्टरिणीची नेमणूक आजीपुरतीच होती. मुख्य कार्यालयाचं पत्र आलं: दुसऱ्या केंद्रात बदली घ्या, किंवा इथेच राहा, सुटका झालेली दोन अस्वलं येणार आहेत. काय ते शनिवारपर्यंत कळवा. राखणदाराला हे काकूंकडून समजलं. 'जाऊ नका' – दोनच तर शब्द! सोमवारपासून तो ते ओठांवर घेऊन तिच्यासमोर जात होता, आणि प्रत्येक वेळी भलतंच काही बोलून परतत होता.

"काय म्हणालास आज?" गुरुवारी काकूंनी विचारलं.

"म्हटलं, यंदा भोपळे चांगले आलेत."

"भोपळे!" काकूंनी कपाळावर हात मारला. "अरे, पोरगी चालली आणि तू तिला भोपळ्यांच्या बातम्या देतोस?"

शुक्रवारी सकाळी डॉक्टरीण आली. हातात जाकीट. घडी घातलेलं, इस्त्री केलेलं. राखणदाराने घेतलं आणि नाकाशी नेलं. साबणाचा वास. आठ महिने धुऊन निघाले होते.

"धुतलंत?"

"धुतलं."

"बरं केलंत. आता तसाही... उपयोग नाही त्याचा."

ती जायला वळली नाही. बाहीची सुरकुती बोटाने सारखी करत म्हणाली, "तीन दिवस लागतात ना?"

"कशाला?"

"वास मुरायला. आज शुक्रवार. सोमवारी न्यायला येते मी."

"पण... आजी तर गेली."

"आजीसाठी नकोय."

त्याला कळेना. "मग धुतलंत कशाला?"

"त्याला मधाचा वास होता, औषधाचा होता, आजीचा होता," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "मला एकाच माणसाचा हवाय."

राखणदाराने जाकिटाची घडी उलगडली.

"आणि सोमवारी..." तो कसाबसा म्हणाला, "सोमवारी तुम्ही इथे असाल?"

"कालच कळवलंय कार्यालयाला. राहते म्हणून."

ऊन चांगलंच तापलं होतं, तरी त्याने तिथल्या तिथे जाकीट अंगात घातलं. सवयीने खिशात हात गेला. आत शेंगदाणे होते. सोललेले.

त्याने वर पाहिलं. या वेळी भोपळे आठवले नाहीत.

"ते शेंगदाणे तुमच्यासाठीच होते," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

"माहीत आहे. म्हणून तर रोज खात होते." तिने त्याची बाही धरून ओढली. "चला, काकू वाट बघतायत. राबल्याशिवाय मुरत नाही, तुम्हीच म्हणाला होतात."