मुका भोंगा

“पातेलं चाललं! अरे उठा, आपलं पातेलं चाललं!”

ढब्बू जिवाच्या आकांतानं ओरडत होता. ताईनं तंबूतून डोकं बाहेर काढलं आणि तिची झोपच उडाली. रात्री नदीपासून चांगला लांब ठोकलेला तंबू, आणि आता त्याच्या दाराशी पाणी! पातेलं डुलत डुलत प्रवाहाला लागलं होतं. त्याच्यामागे कमरेएवढ्या पाण्यात ढब्बू, एका हातानं चड्डी सावरत.

“पातेलं सोड, आधी तू बाहेर ये!” ताई किंचाळली. “चष्मिष, सायकली वर ने! मामा, ऊठ ना!”

पाऊस नाही, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि नदी मात्र फुगत चाललेली! तंबू, पिशव्या, मामाचा एक बूट एवढं कसंबसं उंचावर आलं. दुसरा बूट पातेल्याच्या सोबतीला गेला.

ताई आणि चष्मिष ही सख्खी भावंडं. ढब्बू त्यांच्या शेजारचा, पण घरचाच. शाळेत कवायत शिकवणारा मामा दर उन्हाळ्यात त्यांना सायकलींवरून नदीकाठानं फिरवून आणायचा. वाटेत छोटी गावं, काठावर मुक्काम, आणि शेवटी मावशीचं लॉज.

“वरच्या बंधाऱ्यातून पाणी सोडलेलं दिसतंय,” मामा एका पायावर उभा राहून म्हणाला. “पण सोडण्याआधी भोंगा वाजवतात. पाटी आहे ना ती!”

पाटी होतीच. ‘भोंगा वाजताच पात्राबाहेर या.’

“मग वाजला का नाही?” चष्मिषनं विचारलं.

हेच विचारायला ते बंधाऱ्यावर गेले. तिथल्या चौकीदारानं त्यांना एक बटण आणि त्यावरचा लाल दिवा दाखवला.

“वाजवला की! बटण दाबलं, दिवा लागला. दिवा लागला म्हणजे वाजला.”

“तुम्हाला ऐकू आला?” ताईनं विचारलं.

“मला कसा येणार? झडपांचा आवाज ऐकताय ना केवढा! भोंगा तिकडे गावात आहे, पाण्याच्या टाकीवर. तुम्ही गाढ झोपला असाल.”

“झोपलो होतो खरे,” मामानं लगेच मान्य केलं.

“मी नव्हतो झोपलो!” ढब्बू म्हणाला. “मला भूक लागली होती.”

पण त्याच्या भुकेला साक्षीदार कोण मानणार? सगळे हसले आणि विषय तिथंच राहिला.

दुपारी ते गावात पोचले. लॉजच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘नदीकाठची शांतता, फक्त आमच्याकडे!’ मावशी पायऱ्या उतरून धावतच आली. तिनं तिघांना एकदम मिठीत घेतलं, ढब्बूचे गाल ओढले, चष्मिषचा चष्मा स्वतःच्या पदरानं पुसून दिला. मावशी म्हणजे त्यांची सगळ्यांत लाडकी. हट्ट करावा तर तिच्याकडेच!

मागच्या अंगणात धुणेवाल्या काकू चादरी पिळत होत्या. ढब्बू त्यांना रंगवून सांगायला लागला, “काकू, आमचं पातेलं वाहून गेलं! भोंगा वाजलाच नाही ना!”

काकूंचे हात थांबले.

“असं बोलू नये, बाळा,” त्या हळूच म्हणाल्या. “भोंगा वाजतो. सगळं गाव सांगतं, वाजतो.”

“अरे, आत या पाहू सगळे!” मावशीनं हाक मारली. आत आल्यावर ती दबक्या आवाजात म्हणाली, “तिच्यापुढे भोंग्याचं नाव काढू नका. तिची पोरगी वाहून गेली याच हंगामात. भिंगरी म्हणायचे तिला. वाळूच्या पट्ट्यावर चादरी वाळत घालत होती. भोंगा वाजला तरी चादरीच गोळा करत बसली. हट्टी होती पोर!”

“तू ऐकला होतास भोंगा?” ताईनं विचारलं.

“सगळ्या गावानं ऐकला,” मावशी म्हणाली. “अगं बाई, दूध उतू जाईल!” आणि ती लगबगीनं आत गेली.

ढब्बू स्वयंपाकघरात डोकावून आला. “ताई, शेगडीवर दूध नाहीये. काहीच नाहीये!”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

संध्याकाळी ते गावात फिरले. पाववाला म्हणाला, “वाजतो ना, वाजतो.” आज वाजला का, म्हटल्यावर तो पाव मोजायला लागला. न्हाव्याच्या दुकानात एका माणसाच्या तोंडाला फेस फासलेला होता. न्हावी वस्तरा परजत म्हणाला, “पूर्वी पहाटे काय कोकलायचा! हल्ली झोप तरी लागते.”

“हल्ली म्हणजे कधीपासून?” चष्मिषनं विचारलं.

न्हाव्यानं जीभ चावली. “मान सरळ ठेवा साहेब,” तो गिऱ्हाइकावर खेकसला. गिऱ्हाइकाची मान सरळच होती!

“उद्या टाकीवर चढायचं,” बाहेर आल्यावर ताईनं ठरवून टाकलं.

“मावशी म्हणाली, तिकडे जाऊ नका, पायऱ्या मोडल्यात,” ढब्बू म्हणाला.

“तिनं न विचारताच सांगितलं ना? म्हणूनच जायचं!”

सकाळी मामा घोरत असतानाच तिघं निघाले. टाकीच्या फाटकाशी एक रखवालदार स्टुलावर बसून दात घासत होता. ढब्बू त्याच्यासमोर धाडकन पडला आणि त्यानं असा काही गळा काढला की बस!

“आई गं! पाय मोडला! काका, माझा पाय!”

रखवालदार त्याचा पाय चोळायला बसला. त्याच्या पाठीमागून ताई आणि चष्मिष आत सटकले. पायऱ्या अगदी धडधाकट होत्या. धापा टाकत दोघं वर पोचले आणि जागच्या जागी थबकले.

भोंग्याच्या तोंडात एक जाडजूड गादी कोंबली होती. वरून सुतळीचे वेढ्यावर वेढे!

“ताई,” चष्मिष कुजबुजला. “निळे पट्टे बघ. रात्री आपण झोपलो ती गादी अशीच आहे.”

तेवढ्यात गादीच्या आत काहीतरी घुमायला लागलं. बरणीत भुंगा अडकावा तसं. गुंऽऽ! चौकीदारानं बटण दाबलं होतं. तिकडे लाल दिवाही लागला असणार!

ताईनं खाली पाहिलं. वाळूच्या पट्ट्यावर धुणेवाल्या काकू पाण्यात उभ्या राहून चादरी खळबळत होत्या. जवळच कुणाचीतरी दोन चिमुरडी वाळूचा किल्ला करत होती.

“काकूऽऽ! बाहेर या!” ताई बेंबीच्या देठापासून ओरडली. पण एवढ्या उंचीवरून कोण ऐकणार? “चष्मिष, तुझा चाकू!”

पेन्सिलीला टोक करायचा तो बोथट चाकू! चष्मिष सुतळीवर तो खसाखसा घासायला लागला. ताईनं गादीत नखं रुतवली. एक वेढा तुटला, दुसरा तुटला, आणि दोघांनी मिळून एकच हिसडा दिला. गादी निसटली, ती दोघंही उताणी पडली, आणि—

भोंऽऽऽऽ!

कानठळ्या बसल्या! गावातल्या खिडक्या धडाधड उघडल्या. मुलं किल्ला टाकून काठाकडे पळत सुटली. पण काकू हलल्या नाहीत. हातात ओली चादर धरून त्या टाकीकडे बघत राहिल्या. नुसत्या ऐकत राहिल्या.

फाटकाशी ढब्बू ताडकन उठला.

“अरे, तुझा पाय?” रखवालदार ओरडला.

“बरा झाला!” म्हणत ढब्बू तीरासारखा सुटला. शर्यतीत नेहमी शेवटून पहिला येणारा ढब्बू! त्यानं काकूंचा हात धरून त्यांना अक्षरशः ओढत काठावर आणलं. मागोमाग पाणी आलं. चादरी गेल्या, किल्ला गेला, पट्टा दिसेनासा झाला.

लॉजच्या अंगणात गर्दी जमली. चष्मिषनं गादी खांद्यावरून आणून मधोमध टाकली. मामा जागा होऊन बाहेर आला होता. गादीकडे आणि मग बहिणीकडे बघताच त्याच्या सारं लक्षात आलं.

“पोरांनो, आत चला,” तो घाईघाईनं म्हणाला. “घरातली गोष्ट घरात बोलू.”

“घरातली कशी, मामा?” ताई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज ठाम होता. “मावशी, ही गादी तुझीच ना?”

“मी एकटीनं नाही केलं!” मावशी रडवेली झाली. “पाहुणे पहाटे दचकून उठायचे, पुन्हा येत नसत. सगळ्या लॉजवाल्यांनी मिळून ठरवलं. नगराध्यक्षांनीच माणूस दिला चढायला. कुणाचं वाईट व्हावं असं थोडंच वाटत होतं?”

“भिंगरी गेली त्याच्या आधी कोंबली, की नंतर?”

मावशीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “आधी,” ती अखेर म्हणाली.

“मग नंतर तरी का नाही काढलीस?”

“काढली असती तर भोंगा वाजला असता,” मावशी जमिनीकडे बघत म्हणाली, “आणि सगळ्यांना कळलं असतं, की त्या दिवशी वाजला नव्हता.”

पाववाल्यानं मान खाली घातली, न्हावी चपलेनं माती उकरायला लागला. भोंगा वाजत नाही हे त्यांना ठाऊक होतंच की! सगळे छान झोपत होते.

संध्याकाळी चौकात सभा भरली. नगराध्यक्षांनी तिन्ही मुलांना व्यासपीठावर उभं केलं, प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारली आणि घसा खाकरला. “या शूर बालकांनी भोंग्यातला तांत्रिक बिघाड शोधून काढला! गावाला यांचा अभिमान आहे!” टाळ्यांचा कडकडाट झाला.

“बिघाड नव्हता,” ताई मोठ्यानं म्हणाली. “गादी होती. तुमच्या माणसानं कोंबलेली.”

टाळ्या विझत गेल्या. कुणीतरी खोकलं. मागच्या रांगेत चौकीदार उठून उभा राहिला आणि म्हणाला, “माझी जबानी घ्या. मी फक्त दिवा बघत होतो.” मग आणखी एकजण उठला, मग कुणाची तरी आई. नगराध्यक्ष घाम पुसत खाली बसले.

दुसऱ्या दिवशी लॉजला कुलूप होतं आणि मावशी चौकशीला गेली होती. जाताना तिनं मुलांकडे पाहिलं नाही. मामानं सायकलींवर सामान बांधलं. “शाबास. योग्य तेच केलंत,” तो म्हणाला, पण दोरीची गाठ बघत. ढब्बूलासुद्धा भूक नव्हती.

गावाबाहेर धुणेवाल्या काकू वाट बघत उभ्या होत्या. त्यांनी तिघांच्याही डोक्यावरून हात फिरवला.

“गुणाची पोरं,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी ताईचं मनगट घट्ट धरलं. “मी रोज तिला रागवत होते गं. गेल्यावरसुद्धा. चादरी धुताना म्हणायचे, एवढा भोंगा वाजला, तुला ऐकू नाही आला? आईचं ऐकायची सवयच नाही तुला! रोज रागवायचे.” त्यांनी ओठ दाबून धरले. “पुन्हा एकदा सांग. वाजला नव्हता ना?”

“नव्हता, काकू.”

“पुन्हा सांग.”

ताईनं पुन्हा सांगितलं.